वडगावला न आलेले फ्रेंच

परंदवडीहून वडगाव मावळ लांब नाही. सोमाटणे फाट्यावर यायचं, तळेगाव मागे टाकायचं, की आलं वडगाव. मी मावळातल्याच एका शाळेत २३ वर्षं इतिहास शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं जानेवारी महिन्यात नववीच्या मुलांना वडगावच्या विजयस्तंभापाशी नेलं. १७७९ साली इथे इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले, ही गोष्ट मावळातल्या पोरांनी त्या जागेवर उभं राहून ऐकावी, एवढाच हेतू.

तिथे मी जे सांगत असे त्यात एक वाक्य ठरलेलं असायचं. ‘तोवर मराठे फ्रेंचांकडून कवायती लढाई शिकले होते, म्हणून इथे इंग्रजांची मात्रा चालली नाही.’ एका वर्षी एका मुलीने हात वर केला. "सर, मग या लढाईत आपल्या बाजूने फ्रेंच किती होते?"

"होते थोडेफार," मी म्हणालो आणि मुलांना गाडीकडे पिटाळलं.

घरी येऊन पुस्तकं काढली. ग्रँट डफ उघडला, मग मराठी पुस्तकं चाळली. पेशव्यांच्या तोफखान्यात परदेशी गोलंदाज असत हे खरं. पण वडगाव जिंकून देणारी फ्रेंच पलटण कुठेच सापडेना, कारण ती नव्हतीच. ते वाक्य मला माझ्या सरांनी दिलं होतं, मी ते पुढच्या पिढीला दिलं, आणि मधे कोणीच मोजायला बसलं नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण माझा पुतण्या. हिंजवडीला नोकरी करतो. परवा मोबाइलवर काहीतरी वाचून हसत होता. ‘फ्रेंच बंदूक विकणे आहे, एकदाही झाडलेली नाही, फक्त एकदा खाली टाकलेली आहे,’ अशा अर्थाचा विनोद. त्याच्या पिढीला फ्रेंच सैनिक म्हणजे पांढरं निशाण. १९४०मध्ये सहा आठवड्यांत फ्रान्स पडला, तेवढंच शिल्लक राहिलं. त्या सहा आठवड्यांत पन्नास हजारांहून अधिक फ्रेंच सैनिक लढताना मेले, आणि त्याआधी १९१६ साली एकट्या व्हर्दांच्या लढाईत दीड लाखाहून अधिक, हे विनोदात मावत नाही.

मी त्याला म्हटलं, "अरे, आपल्याकडे याच फ्रेंचांच्या नुसत्या नावाने लढाई पेटली होती." त्याला ते पटलं नाही. म्हणून हा लेख. त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तरही यातच आहे.

दबदबा कसा कमावला

फ्रेंचांचा दबदबा फुकटचा नव्हता, हे आधी मान्य केलं पाहिजे. १७४६ साली मद्रासजवळ अड्यार नदीच्या काठी अर्काटच्या नवाबाची हजारोंची फौज उभी होती. समोरून हजारभर माणसं आली, त्यांत मोजके फ्रेंच आणि बाकी त्यांनी शिकवलेले हिंदी शिपाई. रांगेत उभं राहून एकसाथ बार काढणं आणि संगिनी रोखून पुढे जाणं, एवढ्यावर त्यांनी नवाबाची फौज पळवली. त्या दिवशी हिंदुस्थानच्या दरबारांना कळलं की घोडदळाची गर्दी म्हणजे विजय हे गणित आता जुनं झालं. त्या तुकडीचा म्होरक्या पॅरादी मात्र फ्रेंच नव्हता, स्विस होता. ही गंमत लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

पाच वर्षांनी हे गणित आपल्या दारात आलं. निजामाच्या गादीवर सलाबतजंगाला बसवून त्याच्यामागे उभा असलेला फ्रेंच सेनानी बुसी १७५१च्या अखेरीस पुण्याच्या रोखाने निघाला. चंद्रग्रहणाची रात्र होती. नानासाहेब पेशवे ग्रहणाच्या धर्मकृत्यात होते आणि बुसीने छावणीवर तोफा डागल्या. छावणी उधळली. मग त्याने तळेगाव उद्ध्वस्त केलं. हे तळेगाव ढमढेरे, आमचं दाभाड्यांचं तळेगाव नव्हे. पुढे कोरेगावपर्यंत मजल मारून त्याने पुण्याला धडकी भरवली. मराठे लगेच सावरले, चपळ घोडदळाने निजामाच्या फौजेला त्यांनी सळो की पळो केलं आणि काही आठवड्यांत तहाची बोलणी सुरू झाली. पण बुसीच्या भराभर उडणाऱ्या तोफा विसरण्यासारख्या नव्हत्या.

त्या तोफांनी आपल्या भाषेत एक शब्द ठेवला. ‘गारदी’ हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आला असं मानतात. बुसीच्या तालमीत तयार झालेल्या इब्राहिमखान गारद्याला सदाशिवरावभाऊंनी आपल्याकडे घेतलं. १७६०ला उदगीरला त्याच्या तोफांनी निजामाला नमवलं. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर त्याची पलटणं शेवटपर्यंत उभी राहिली. तो पकडला गेला आणि मारला गेला. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांवर तलवार उगारली तीही गारद्यांनीच. त्या खुनातून राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि राघोबादादांना गादीवर बसवायला म्हणून इंग्रज बोरघाट चढले. वडगावपर्यंत पोचणारी फ्रेंचांची सावली असलीच, तर ती इतक्या लांबून आलेली.

खुद्द फ्रेंचांचं काय झालं होतं? १७६०च्या जानेवारीत वांदिवाशला त्यांचा पराभव झाला, बुसी कैद झाला. पानिपत झालं त्याच आठवड्यात पाँडिचेरी पडली. १७६३च्या तहात ती परत मिळाली, पण इंग्रजांनी तिची तटबंदी आधीच जमीनदोस्त केली होती. म्हणजे १७७०च्या दशकात फ्रेंचांकडे हिंदुस्थानात काही वखारी होत्या, थोडे शिपाई होते, आणि बुसीच्या काळचं नाव होतं. सत्ता गेली तरी नाव १०-१५ वर्षं चालतं. गावातल्या पडक्या वाड्यालाही लोक पाटलाचा वाडा म्हणतातच की.

नानांचं बुजगावणं

१७७७मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौलला उतरला आणि पुण्यात आला. आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत, असं सांगत होता. नाना फडणिसांनी त्याचं थाटात स्वागत केलं. त्याने आश्वासनं दिली: फ्रान्समधून हजारोंची फौज आणतो, तोफा आणतो, तुमच्या शिपायांना कवायत शिकवतो. बदल्यात फ्रेंचांना किनाऱ्यावर बंदर हवं होतं, चौलचं नाव निघालं होतं.

हा माणूस फार विश्वासाचा नव्हता. मूळचा धाडसी उपद्व्यापी. हैदरअलीच्या आणि इंग्रजांच्या दोन्ही गोटांतून फिरून आलेला. नानांसारखा माणूस त्याच्यावर पूर्ण विसंबला असेल असं मला वाटत नाही. नानांना फ्रेंच फौजेपेक्षा ती येणार आहे ही बातमी हवी होती, असा माझा तर्क आहे. आमच्याकडे भात पोटरीला आलं की शेतात बुजगावणं उभं करतात. जुना सदरा, वर मडकं. पाखरं त्याला माणूस समजतात तोवर काम झालं. नानांनी सेंट लुबिनला पुण्याच्या दरबारात असाच उभा केला.

पण बुजगावण्याला भिऊन पाखरं लांब राहतात. इंग्रज उलट धावून आले. मुंबईकर इंग्रजांना राघोबादादा आणि साष्टी हवीच होती, पुरंदरचा तह त्यांना मुळातच नको होता. पुण्यात बसलेला त्यांचा वकील मॉस्टिन सेंट लुबिनच्या बातम्या मुंबईला पाठवत होता. त्याच काळात अमेरिकेत साराटोगाला इंग्रज सेनापती शरण आला आणि १७७८मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला. कलकत्त्यात हेस्टिंग्जने चंद्रनगर घेतलं, ऑक्टोबरात पाँडिचेरीही पुन्हा पडली. फ्रेंच पश्चिम किनाऱ्यावर उतरण्याआधी पुणं गाठलं पाहिजे, हे म्हणणं आता मुंबईत सहज खपू लागलं. लोभ जुनाच होता, त्याला भीतीचं कारण मिळालं.

तोवर सेंट लुबिनला पुण्यातून निरोपही देण्यात आला होता. इंग्रज फौज निघाली तेव्हा बुजगावणं शेतात नव्हतंच.

लोकलच्या स्टेशनांवरची लढाई

१७७८च्या नोव्हेंबरात इंग्रज बोरघाट चढले. सुमारे ३,९०० फौज आणि तिच्याबरोबर १९,००० बैल. आज लोणावळ्याहून पुण्याची लोकल पकडली की मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशी स्टेशनं येतात. तासाभराच्या आतला प्रवास. तेवढं अंतर चालायला त्या फौजेला आठवडे लागले. मॉस्टिन आजारी पडून वारला. सेनापती इगर्टनही आजारी. निर्णय एका समितीकडे. बाजूला टेकड्यांवरून मराठ्यांचे तोफगोळे आणि मागे कोकणातून येणारी रसद तोडणारं घोडदळ.

४ जानेवारीला कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. हा इंग्रज शूर होता आणि मराठ्यांनी त्याला नाव दिलं होतं इष्टुर फाकडा. वडगावात त्याची समाधी अजून दाखवतात. जाणारे-येणारे हातही जोडतात. शत्रूच्या अधिकाऱ्याला ज्यांनी ‘फाकडा’ म्हटलं, त्यांनी त्याला लढताना डोळ्यांनी पाहिलं होतं. सेंट लुबिनच्या फौजेला कोणी असं नाव दिलं नाही, देणार तरी कसं?

९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोचले तर गाव जळत होतं. मराठ्यांनीच पेटवलं होतं. धान्य नाही, चारा नाही. पुढे चिंचवड आणि वेळ आली तर पुणंही जाळू, अशी बातमी त्यांच्या कानावर घातली गेली. राघोबादादांच्या नावावर येऊन मिळणारे सरदारही आले नाहीत. पुणं ३० किलोमीटरवर राहिलं होतं. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून, सामान जाळून फौज मागे फिरली. पहाटे महादजी शिंदे, हरिपंत फडके, तुकोजी होळकर यांच्या फौजांनी तिला घेरलं. फौज कशीबशी वडगावात शिरली आणि तिथून हलू शकली नाही. तीन-चार दिवसांत तह झाला. १७७३नंतर घेतलेला मुलूख परत द्यायचा, बंगालकडून येणारी फौज माघारी बोलवायची. पुढे हेस्टिंग्जने हा तह नाकारला, पण ती वेगळी गोष्ट.

आता सांगा, यात फ्रेंच कवायत कुठे आहे? पीक जाळणं, रसद तोडणं, घाटात अडकवणं, दमवणं आणि मग घेरणं. ही मावळची जुनी विद्या, दीडशे वर्षं मुरलेली. तळेगाव ज्यांनी जाळलं त्यांत तळेगावचीच घरं होती, आणि ती नुकसानी सोसणाऱ्या कुणब्यांची नावं कुठल्या स्तंभावर नाहीत. या जयाचं श्रेय मी वर्षानुवर्षं, न आलेल्या फ्रेंचांना देत होतो.

मग महादजींनी फ्रेंच का ठेवले?

इथे कोणीही विचारेल की गनिमी काव्याने भागत होतं तर महादजींनी पुढे द बॉयन का ठेवला? मला वाटतं, त्याचं उत्तरही वडगावातच आहे. माघारीच्या वेळी कॅप्टन हार्टलेच्या पिछाडीच्या शिपायांनी मराठी घोडदळाचे हल्ले परतवून लावले होते. सगळी फौज खचली असताना ही माणसं रांग मोडत नव्हती. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७८०मध्ये, पॉपहॅमने रात्री शिड्या लावून महादजींचा ग्वाल्हेर किल्ला घेतला. मावळात जे जमलं ते चंबळेच्या सपाटीवर जमणार नाही, हे महादजींना दिसलं. त्यांनी कवायत घेतली ती शत्रूच्या शिपायांकडे पाहून. शिकवणारा मिळाला तो द बॉयन.

आणि द बॉयन फ्रेंच नव्हता. तो साव्हॉयमधल्या शाँबेरीचा. साव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राजाचा मुलूख. फ्रेंच सैन्यातल्या आयरिश पलटणीत तो नोकरी करून आला होता. त्याच्या पलटणींतले शिपाई बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले. या पलटणींनी १७९०मध्ये पाटण आणि मेडता जिंकलं. १७९३ला लाखेरीला त्यांनी होळकरांच्या कवायती पलटणी मोडल्या, त्या होत्या द्युद्रनेक या फ्रेंच माणसाने तयार केलेल्या. १७९५ला खर्ड्याला निजामाकडून रेमों आणि शिंद्यांकडून पेराँ, दोघे फ्रेंच समोरासमोर. म्हणजे फ्रेंचांशी दोस्ती केली की फ्रान्स आपल्या बाजूला, हा हिशेबच खोटा होता. हे लोक पगारी होते, आणि ‘फ्रेंच’ हा शब्द तोवर एखाद्या छापासारखा झाला होता: स्विस, साव्हॉयवाले, हॅनोव्हरचे जर्मन, सगळे त्यात बसत.

बुजगावणं दुसऱ्या शेतात

शेवटी हे बुजगावणं इंग्रजांनीच उचललं. १७९८मध्ये टिपूच्या वकिलांना मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नराने मदतीचा जाहीरनामा काढून दिला आणि प्रत्यक्षात पाठवली शंभराच्या आसपास माणसं. त्या शंभरांचा आधार घेऊन वेलस्लीने श्रीरंगपट्टणवर चाल केली. पाठोपाठ पेराँच्या अलीगढच्या मुलुखाला त्याने यमुनेकाठचं फ्रेंच राज्य ठरवलं. लंडनला भीती घालायला आणि युद्धाला पैसे मिळवायला याहून सोपं कारण नव्हतं. दौलतराव शिंद्यांनाही वाटत होतं की पेराँ आहे तोवर चिंता नाही. एकाच बुजगावण्यावर दोघांचा भरवसा.

ऑगस्ट १८०३ संपता संपता लेकची फौज अलीगढला पोचली. पेराँ मोठी संपत्ती जमवून बसला होता. काही दिवसांतच त्याने इंग्रजांकडून सुखरूप जाण्याचा परवाना घेतला आणि गेला.

शिपाई मात्र गेले नाहीत. २३ सप्टेंबरला असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंद्यांच्या पलटणींनी आर्थर वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मारली किंवा जायबंदी केली. तिथला त्यांचा मुख्य परदेशी अधिकारी पोलमन हॅनोव्हरचा होता. १ नोव्हेंबरला अलवरजवळ लासवारीला उरलेल्या पलटणी लढल्या तेव्हा त्यांचे बहुतेक गोरे अधिकारी निघून गेलेले होते. गोलंदाज तोफांपाशीच मेले. लढाईनंतर लेकने त्यांच्या शौर्याची तारीफ केली आणि पुढे लिहिलं, की यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. फ्रेंच अधिकारी होते, ते पळाले होते. जे उभे राहिले त्यांच्यात एकही फ्रेंच नव्हता. आणि त्यांची मर्दुमकी डोळ्यांदेखत पाहिलेला माणूसही श्रेय देताना, नसलेल्या फ्रेंचांची आठवण काढत होता. लेकने लासवारीबद्दल जे केलं तेच मी वडगावबद्दल करत होतो. त्याला निदान शत्रूला मोठं करण्याचं कारण नव्हतं. मला तर ही माणसं आमचीच होती.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं, की अडीचशे वर्षांपूर्वी ‘फ्रेंच येणार’ ऐकून लोकांची झोप उडायची आणि आज ‘फ्रेंच’ म्हटलं की हसू येतं. दोन्ही वेळी लढणाऱ्या माणसाकडे कोणी पाहिलेलं नसतं. तो म्हणाला, "काका, मग विनोद पुढे पाठवू की नको?" म्हटलं, पाठव, पण खाली व्हर्दांचा आकडा लिही. त्याने लिहिला की नाही माहीत नाही.

आणि त्या मुलीला: बाळ, वडगावला आपल्या बाजूने फ्रेंच पलटण एकही नव्हती. तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं. यंदा जानेवारीत गेलीस तर आधी विजयस्तंभ बघ, मग इष्टुर फाकड्याची समाधी बघ, आणि लोकलने परत येताना तळेगाव आलं की खिडकीतून बाहेर बघ. ते गाव तेव्हा जळत होतं.